नळी काढण्याचा दिवस कोण ठरवणार?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या ओठी बहुधा एकच प्रश्न असतो : व्हेंटिलेटर कधी निघणार? काचेच्या दाराआड उभ्या असलेल्या डॉक्टरांचाही प्रश्न तोच असतो. याचे उत्तर आता संगणक देईल, अशा आशयाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये वरचेवर झळकू लागल्या आहेत. श्वासांची गती, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, गुंगीच्या औषधांच्या मात्रा असे अनेक आकडे यंत्राला पुरवायचे आणि ‘आज नळी काढली तर हा रुग्ण तग धरील काय’ याचा कौल घ्यायचा, अशी ही कल्पना. मथळ्यात अचूकतेचा टक्का असतो आणि तो सहसा डोळे दिपवणारा असतो.

या संशोधनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या टक्क्यात नेमके काय मोजले गेले, कोणत्या रुग्णांवर मोजले गेले आणि भारतातल्या आयसीयूत तो आकडा जसाच्या तसा उतरेल काय, हे प्रश्न बातमीत क्वचितच विचारले जातात. ते न विचारल्याची किंमत अखेर बाकावर बसलेल्या माणसांना मोजावी लागते.

हा निर्णय मुळात अवघड का, ते आधी पाहिले पाहिजे. माणूस स्वतः श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू खाली ओढला जातो आणि हवा आत खेचली जाते. व्हेंटिलेटरचे काम उलट्या दिशेने चालते; तो हवा दाबाने आत ढकलतो. स्नायूला काम उरत नाही. काम नसलेला स्नायू किती झपाट्याने खंगतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवून दिले. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले गेले, तेव्हा १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या स्नायूतील तंतू निम्म्याहून अधिक आक्रसलेले आढळले. पुरते तीन दिवसही नव्हेत. यात नळीवाटे होणारा फुप्फुसाचा संसर्ग आणि गुंगीच्या औषधांमुळे येणारा भ्रम यांची भर पडते. म्हणून ‘आणखी दोन दिवस राहू द्या, घाई नको’ हा वरवर सावध वाटणारा पवित्रा प्रत्यक्षात सावध नसतो.

घाई केली तर दुसरी दरी समोर असते. नियोजनपूर्वक नळी काढलेल्या रुग्णांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांना ती पुन्हा घालावी लागते, आणि अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये अरुंद वाट, अशी ही स्थिती. त्या वाटेवर कुणीतरी आकड्याचा दिवा धरावा, असे डॉक्टरांना वाटले तर नवल नाही.

असा पहिला गाजलेला दिवा १९९१ साली लागला. यांग आणि टोबिन या दोघांनी एक सोपा भागाकार सुचवला : रुग्ण एका मिनिटात किती श्वास घेतो, त्या संख्येला प्रत्येक श्वासात किती लिटर हवा जाते त्या आकड्याने भागायचे. थकलेला माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो. भागाकार ती दमछाक टिपतो. मिनिटाला २० श्वास आणि प्रत्येकी ०.४ लिटर हवा असेल, तर उत्तर ५० येते. ३५ श्वास आणि ०.२५ लिटर असेल, तर १४०. सीमा ठरली १०५. कागद-पेन्सिलीवर होणारे हे गणित जगभरच्या आयसीयूंत पोचले आणि आजही टिकून आहे. (हेच मार्टिन टोबिन २०२१ साली जॉर्ज फ्लॉइड खटल्यात श्वसनतज्ज्ञ म्हणून साक्ष देताना साऱ्या जगाला दिसले.) मूळ अभ्यासात पडताळणीसाठी केवळ ६४ रुग्ण होते. यशस्वी झालेल्यांपैकी ९७ टक्के १०५च्या आत होते, ही जमेची बाजू. मात्र अयशस्वी ठरलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून थोडे अधिक रुग्णही त्याच सीमेच्या आत होते. शिवाय मूळ मोजमाप रुग्णाला यंत्रापासून मिनिटभर पूर्ण सोडवून, साध्या हवेवर केलेले होते. आज अनेक ठिकाणी ते यंत्राचा दाब चालू असतानाच पडद्यावरून वाचले जाते. आधाराने आकडा सुधारतो. सीमा मात्र जुनीच राहते.

या प्रक्रियेला इंग्रजी वैद्यकात जो ‘वीनिंग’ हा शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ लेकराचे अंगावरचे दूध तोडणे. दूध हळूहळू तोडायचे असते, हे कोणतीही आई सांगेल. आणि कदाचित त्या शब्दामुळेच यंत्राचा आधारही थोडाथोडा कमी करत नेण्याची पद्धत वर्षानुवर्षे पवित्र मानली गेली. १९९५ साली स्पेनमधील एस्तेबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. दिवसातून एकदा आधार काढून रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देण्याच्या साध्या चाचणीने, यंत्राचे श्वास क्रमाक्रमाने घटवण्याच्या पद्धतीपेक्षा सुमारे तिपटीने आणि दाबाचा आधार घटवण्याच्या पद्धतीपेक्षा सुमारे दुपटीने लवकर नळी निघाली. पुढे १९९९ साली दोन तासांच्या चाचणीइतकीच अर्ध्या तासाची चाचणीही पुरते, असे दिसले. २०१९ साली स्पेनमधील १८ आयसीयूंतल्या १,१५३ रुग्णांवरील अभ्यासात अर्ध्या तासाच्या, किंचित आधार ठेवून केलेल्या चाचणीने यशाचे प्रमाण ७४ वरून ८२.३ टक्क्यांवर गेले. अनेक रुग्ण श्वास घ्यायला आधीच तयार असतात. त्यांना कुणी विचारलेले नसते.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा, आणि बातम्यांत सर्वांत कमी उल्लेखला जाणारा, प्रयोग १९९६चा आहे. अमेरिकेत ईली आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांतील रुग्णांची रोज तपासणी होत असे. एका गटात मात्र तपासणीत उतरलेल्या रुग्णाला स्वतः श्वास घेण्याची चाचणी दिली जाई आणि तो ती पार पडला की डॉक्टरांना तसे कळवले जाई. यंत्रावरचा काळ सहा दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला. कुठलेही नवे औषध नव्हते, कुठलेही नवे यंत्र नव्हते. नित्यनेमाने एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर योग्य माणसाच्या कानी घातले गेले.

याउलट २००६ सालचा एक अभ्यास भाकितावर फार विसंबणाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. वर उल्लेखलेल्या १०५च्या आकड्याला निर्णयात स्थान दिलेला एक गट आणि न दिलेला दुसरा, अशी ३०४ रुग्णांची विभागणी झाली. आकड्याची अट घातलेल्या गटात नळी निघायला तीन दिवस लागले, न घातलेल्या गटात दोन. पुन्हा नळी घालावी लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या पहारेकऱ्याने धोका टाळला नाही. बाहेर पडू शकणाऱ्यांना मात्र दाराशी अडवून ठेवले. आकडा साधा होता म्हणून असे घडले आणि संगणकाचा आकडा अधिक हुशार असल्याने तसे घडणार नाही, असे म्हणता येईल. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी संगणक विकणाऱ्याची आहे.

आता त्या टक्क्याकडे वळू या. समजा शंभर रुग्णांची नळी काढली आणि ८५ जण तरले. एखाद्या आळशी यंत्राने प्रत्येकाबाबत डोळे मिटून ‘काढा’ म्हटले, तरी त्याची अचूकता ८५ टक्के भरते. ज्या पंधरा जणांसाठी यंत्र हवे होते, त्यांपैकी एकालाही त्याने ओळखलेले नसते. म्हणून अचूकतेच्या टक्क्याला एकट्याला काही अर्थ नाही. फसणाऱ्या पंधरांपैकी किती ओळखले आणि तरणाऱ्या ८५ पैकी किती जणांना विनाकारण अडवले, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी एवढा एक नियम पाळला, तरी निम्मे मथळे आपोआप सौम्य होतील.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. श्वास घेता येणे आणि नळीवाचून राहता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नळी घशात असताना चाचणी उत्तम पार पाडणारा रुग्ण नळी काढताच फसू शकतो, कारण त्याला जोरकस खोकता येत नाही, कफ साचतो, गिळता येत नाही, किंवा नळीच्या घर्षणाने स्वरयंत्राजवळ सूज आलेली असते. ज्याचे हृदय दुबळे आहे, त्याला यंत्राचा दाब नकळत मदत करत असतो. तो निघाला की फुप्फुसात पाणी भरू लागते. यांतल्या कित्येक गोष्टी पडद्यावरच्या आकड्यांत नसतातच. खोकल्याचा जोर परिचारिकेला कानाने कळतो. दर किती वेळाने कफ ओढावा लागतो, हे तिच्या हाताला ठाऊक असते.

आणि नळी काढल्यानंतर काय उपलब्ध आहे, यावरही निकाल ठरतो. २०१९ साली फ्रान्समध्ये धोक्याच्या गटातील ६४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, नळी काढल्यावर नाकावाटे वेगवान प्राणवायूच्या जोडीला मास्कद्वारे दाबाचा श्वास दिला असता, पुन्हा नळी घालण्याचे प्रमाण १८.२ वरून ११.८ टक्क्यांवर आले. रुग्ण तसेच, विभागातली सोय वेगळी. तेव्हा यंत्र ज्याचे भाकीत करते तो निव्वळ रुग्ण नसतो; तो रुग्ण आणि त्याच्या भोवतीचे रुग्णालय यांची जोडी असते. महानगरातील रुग्णालयात रात्री दोन वाजताही पुन्हा नळी घालू शकणारा तज्ज्ञ हजर असतो. जिल्हा रुग्णालयात एकच भूलतज्ज्ञ असेल आणि तो रात्री शस्त्रक्रियागृहात अडकलेला असेल, तर तेच आकडे असलेल्या रुग्णाबाबत सकाळपर्यंत थांबणे हाच शहाणपणा ठरतो. असा निर्णय घेणारा डॉक्टर यंत्राच्या लेखी मात्र ‘चुकलेला’ असतो.

भारताचा प्रश्न येथून सुरू होतो. अशी अनेक प्रारूपे ज्या माहितीसाठ्यावर घडवली गेली, तो मिमिक नावाचा संग्रह अमेरिकेतील बोस्टनच्या एका रुग्णालयातला आहे. तो संशोधकांना खुला केला गेला, हे त्या संस्थेचे मोठेपणच. पण बोस्टनच्या आयसीयूत मण्यार चावलेला शेतकरी येत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर आघात करते. रुग्ण पापणीही हलवू शकत नाही, मेंदू मृत झाल्यासारखा दिसतो, आणि तरीही आतून जागा असू शकतो. फुप्फुस निरोगी, हृदय निरोगी, फक्त स्नायूंना आज्ञा पोचत नाही. त्याला काही दिवस श्वास दिला की तो स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो. वृद्ध, जुनाट दम्याच्या रुग्णांवर शिकलेल्या यंत्राला हा रुग्ण ओळखीचा वाटणार नाही.

कीटकनाशकाच्या विषबाधेची कथा याहून फसवी. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध पोटात गेलेला रुग्ण पहिल्या तडाख्यातून सावरतो, शुद्धीवर येतो, आकडे सुधारतात. आणि साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान त्याच्या मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू अकस्मात लुळे पडू शकतात. या अवस्थेचे वर्णन १९८७ साली श्रीलंकेतील रुग्णांच्या निरीक्षणातून पुढे आले. तिची चाहूल घेण्याची खूण अगदी घरगुती आहे : ‘उशीवरून डोके उचला पाहू.’ जो डोके उचलून धरू शकत नाही, त्याची नळी काढायची नाही, मग पडदा काहीही म्हणो. ही खूण कोणत्याही विद्युत नोंदीत आपोआप उतरत नाही. ती कुणीतरी खाटेशी उभे राहून, रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून पाहायची असते.

बोटाला लावायच्या ज्या चिमट्यावर हा सारा डोलारा उभा आहे, तोही निःपक्षपाती नाही. २०२० साली अमेरिकेतील अभ्यासात दिसले की, चिमटा प्राणवायू पुरेसा दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात तो कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या या देशात ही तळटीप म्हणून सोडून देण्याची बाब नव्हे.

मग भारतातल्या रुग्णांच्या विदेवरच यंत्रे घडवावीत, हे उत्तर सरळ दिसते, आणि त्या दिशेने प्रयत्न व्हायलाच हवेत. २०२४च्या मार्चमध्ये केंद्राने १० हजार ३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मोहिमेला मंजुरी दिली आहे. पैसा आणि इच्छा दोन्ही आहेत. परंतु एक अवघड सत्य वाटेत उभे आहे. नळी काढणे ‘यशस्वी’ झाले की ‘अयशस्वी’, हे ४८ ते ७२ तासांत ती पुन्हा घालावी लागली काय, यावरून ठरवण्याचा प्रघात आहे. भारतात तिसरी शक्यता असते. पैसे संपतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार २०२१-२२ साली कुटुंबांनी थेट खिशातून उचलला होता, आणि आयसीयूचा खर्च दिवसाच्या हिशेबाने वाढत जातो. दागिने जातात, शेत गहाण पडते, आणि एका सकाळी मुलगा सही करतो : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत. नोंदवहीत तो रुग्ण ‘डिस्चार्ज’ होतो. त्याला नळी पुन्हा घातली गेली नाही, कारण घालायला तो तेथे नव्हता. हीच नोंद यंत्राने यश म्हणून वाचली, तर यंत्र श्वासाचे शास्त्र शिकणार नाही. ते कुटुंबाच्या ऐपतीचे शास्त्र शिकेल. अशा नोंदी वगळून टाकल्या, तर गरीब रुग्णच विदेतून पुसला जाईल, आणि जे यंत्र तयार होईल ते खर्च पेलू शकणाऱ्यांच्या शरीरांवर घडलेले असेल.

या गुंतागुंतीला भाषेचाही एक पदर आहे. ‘व्हेंटिलेटर काढतोय’ हे वाक्य बाकावरच्या माणसाला कोणत्या अर्थाने ऐकू येते? बरे वाटते आहे म्हणून नळी काढणे आणि आशा उरली नाही म्हणून आधार थांबवणे, या दोन टोकांच्या कृतींना घरोघरी एकच शब्दप्रयोग वापरला जातो. दुसऱ्या कृतीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मार्ग आखून दिला आणि २०२३ साली तो सुलभ केला. पण पहिल्या कृतीच्या वेळी नातेवाइकांच्या मनात दुसरीचेच भय असते. अशा वेळी ‘संगणकाने होकार दिला आहे’ हे वाक्य धीर देणारे ठरण्यापेक्षा संशय वाढवणारे ठरण्याचीच शक्यता अधिक.

यंत्रांची वाटणी हा आणखी एक मुद्दा. एप्रिल २०२०च्या एका अंदाजानुसार देशात सुमारे ९५ हजार आयसीयू खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर होते, आणि त्यांचा मोठा हिस्सा महाराष्ट्रासह सातच राज्यांत होता. त्याच वर्षी पीएम केअर्स निधीतून ५० हजार देशी व्हेंटिलेटरांसाठी दोन हजार कोटी रुपये जाहीर झाले. यंत्रे आली, ती चालवणारे हात त्या वेगाने आले नाहीत. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हा आदर्श सरकारी विभागांत किती दूर आहे, हे तेथे एक रात्र काढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

तेव्हा या संशोधनाचा भारतात सर्वांत प्रामाणिक उपयोग कोणता? भविष्य सांगणारा न होता, आठवण करून देणारा सहायक म्हणून. १९९६च्या प्रयोगाने दिलेली शिकवण संगणक उत्तम रीतीने पाळू शकतो : रोज सकाळी प्रत्येक खाटेमागे विचारायचे, की गुंगीचे औषध थांबवून पाहिले काय, चाचणी दिली काय, दिली नसेल तर का नाही. कर्नाटक, मणिपूर यांसारख्या राज्यांत छोट्या सरकारी रुग्णालयांतील दहा खाटांचे आयसीयू दूरस्थ तज्ज्ञांशी जोडण्याचा जो उपक्रम करोनाकाळात सुरू झाला, त्यासारख्या जाळ्यावर ही आठवण सहज बसवता येईल. ‘अजून विचारले नाही’ असे सांगायला अचूकतेचा टक्का लागत नाही. धोका अधिक असलेल्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याच्याजवळ आज रात्री कुणी असू द्या’ एवढे यंत्राने सुचवले, तर तेही स्वागतार्ह. पण ज्या रुग्णाने चाचणी पार केली आहे, त्याला पडद्यावरच्या लाल अक्षरांमुळे अडवून ठेवू नये. तसे करण्यापूर्वी त्या यंत्राची कसोटी भारतीय विभागांत, जिल्हा रुग्णालयांसह, रुग्णांचे दोन गट करून घेतली गेली पाहिजे. जुन्या नोंदींवर काढलेला टक्का त्याची जागा घेऊ शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांना दात हवे असतील, तर खरेदीच्या निविदेत अशा कसोटीची अट असली पाहिजे.

आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागेल : नळी कशामुळे निघाली. श्वास परतला म्हणून, आशा संपली म्हणून, की पैसे संपले म्हणून. हा तिसरा पर्याय स्वतःच्या हाताने लिहिणे कोणत्याही रुग्णालयाला जड जाईल, आणि खरे उत्तर दिल्याबद्दल उद्या वर्तमानपत्रात नाव येणार असेल तर तो रकाना कोराच राहील. म्हणून ही माहिती रुग्णाची आणि रुग्णालयाची ओळख झाकून, एखाद्या राष्ट्रीय संस्थेमार्फत गोळा करावी लागेल.